अध्यक्षांची लेक

तिने आल्या आल्या पर्समधून रुमाल काढला आणि टेबलावर उलगडला. आत गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या होत्या. मी मोजल्या, एकोणीस भरल्या.

“पिठाच्या डब्यामागं होत्या, मॅडम. एका महिन्याच्या. आईच्या.”

लातूर जिल्ह्यातलं मोठं गाव. वडील एका शिक्षण संस्थेचे अध्यक्ष. गावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही. लहानथोर सगळे ‘अध्यक्षसाहेब’ म्हणतात आणि हिला ‘अध्यक्षांची पोरगी’. वय चोवीस, बी.एड. झालेली. मी व्यसनमुक्तीचं काम करते. कुटुंबाच्या संमतीनं हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, पण घटनांचा क्रम तसाच ठेवला आहे.

आईचं वय बावन्न. अकरा वर्षांपूर्वी मान धरली, हाताला मुंग्या यायला लागल्या, रात्र रात्र झोप नाही. डॉक्टरांनी मानेचा पट्टा दिला, दुखण्याची गोळी दिली आणि झोपेसाठी अल्प्राझोलाम दिली पंधरा दिवसांची. ती चिठ्ठी पंधरा दिवसांनी संपली. गोळी मात्र अकरा वर्षं चालू राहिली, आणि एकीच्या दोन, दोनाच्या चार होत गेल्या. शरीराला सवय झाली की तेवढ्याच गोळीनं झोप येत नाही, मग वाढवावी लागते. तिचं बघता बघता असंच झालं.

इथं एक गोष्ट नीट सांगायला हवी. अल्प्राझोलाम ही गोळी ‘एच-१’ या अनुसूचीत येते. २०१४ पासून नियम असा आहे की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाही आणि दिली की दुकानदारानं रजिस्टरात लिहून ठेवायचं: डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, किती दिल्या. ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. गावातल्या मेडिकलवाल्याला हे ठाऊक होतं. पण अध्यक्षांच्या घरून निरोप आला तर चिठ्ठी मागायची कशी? दुकानातला पोरगा सायकलवरून पुडा आणून द्यायचा, हिशेब महिन्याच्या महिन्याला. ज्या मानामुळे या बाईला गावात सगळीकडे पहिली खुर्ची मिळत होती, त्याच मानानं तिच्याभोवतीची प्रत्येक आडकाठी काढून टाकली. गरीब घरातली बाई असती तर पैशांअभावी का होईना, कधीतरी अडली असती.

आणखी एक गोष्ट मुलीनं सांगितली ती ऐकून मी लिहिता लिहिता थांबले. २००८ च्या नियमांनुसार गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की दारूच्या दुकानासाठी मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रं असतात. आडवीला मत म्हणजे दुकान बंद. या गावात आडवी बाटली झाली, तेव्हा उन्हातान्हात घरोघर फिरून बायकांना मतदानाला आणणारी हीच आई होती. दुसऱ्यांच्या नवऱ्यांचं व्यसन तिला दिसत होतं. स्वतःचं दिसत नव्हतं, कारण दारूला वास असतो आणि गोळीला नसतो. शिवाय गोळी डॉक्टरांनी दिलेली, म्हणजे औषध. औषधाला कोण व्यसन म्हणतं? घरात त्याला नाव होतं, ‘वहिनीसाहेबांची तब्येत नाजूक.’ संस्थेच्या स्नेहसंमेलनात त्या स्टेजवर पेंगल्या तरी तब्येत नाजूक. न्हाणीत पडून मनगट मोडलं तरी तब्येत नाजूक.

मुलीनं आधी एकटीनं प्रयत्न केला होता. आत्याला सोबत घेऊन आईसमोर बसली. आई म्हणाली, “काय बोलायलीस तू? याच्यासाठी शिकवलं का तुला?” आणि खोलीत जाऊन कडी लावली. अण्णा, म्हणजे वडील, रात्री एवढंच म्हणाले, “घरातली गोष्ट घरात ठेवायची.” मग हिनं दुसरं केलं, जे चुकूनही करू नये. घरातल्या सगळ्या गोळ्या लपवल्या. दुसऱ्या दिवशी आईचे हात थरथरायला लागले, अंगाला घाम, छातीत धडधड, डोळ्याला डोळा नाही. तिसऱ्या दिवशी भिऊन हिनं पुडा परत जागेवर ठेवला.

मी तिला म्हटलं, देवानं वाचवलं. इतक्या वर्षांची ही गोळी एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. ती मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानं, कधी कधी महिने लावून कमी करावी लागते. ते होईपर्यंत आई घेते तेवढी घेऊ दे. आपलं काम गोळी हिसकावण्याचं नाही, तिला दवाखान्याच्या पायरीपर्यंत आणण्याचं आहे.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “ताई, आमच्यासारख्या घरात असं कुणी केलंय का? आईला समोर बसवून? लोक काय म्हणतील हे ज्याला सगळ्यात जास्त बघावं लागतं, अशा घरात?”

त्या दिवशी मी तिला सुझन फोर्डची गोष्ट सांगितली. आमच्या कामात ही गोष्ट शिकवली जाते, पण एका अध्यक्षांच्या लेकीला दुसऱ्या अध्यक्षांच्या लेकीबद्दल सांगण्याची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली.

सुझनचा जन्म ६ जुलै १९५७ चा. तीन भावांच्या पाठीवरची एकुलती एक मुलगी. वडील जेराल्ड फोर्ड हे आधी खासदार, मग उपराष्ट्राध्यक्ष. निक्सन यांनी राजीनामा दिल्यावर ९ ऑगस्ट १९७४ ला ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. मुलगी सतरा वर्षांची. जेमतेम सात आठवडे गेले आणि २८ सप्टेंबरला आईचं, बेटी फोर्ड यांचं, स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं. आई अंथरुणावर असताना व्हाइट हाऊसच्या समारंभात वडिलांच्या शेजारी उभं राहून पाहुण्यांचं स्वागत करायचं काम या शाळकरी मुलीवर आलं.

बेटी फोर्ड यांनी आजार लपवला नाही. त्या काळात ‘स्तन’ आणि ‘कर्करोग’ हे शब्द चारचौघांत उच्चारायची सोय नव्हती, आणि राष्ट्राध्यक्षांची बायको वर्तमानपत्रांतून सांगत होती की माझा स्तन काढला आहे. हजारो बायका तपासणीला गेल्या. उपराष्ट्राध्यक्षपदासाठी निवडलेल्या रॉकफेलर यांच्या पत्नीलाही काही आठवड्यांतच आपला कर्करोग कळला.

मुलीकडे मात्र वर्तमानपत्रांनी कशासाठी पाहिलं? १९७५ च्या मे महिन्यात तिच्या शाळेचा निरोपाचा नाच व्हाइट हाऊसमध्ये झाला, त्याचे फोटो जगभर गेले. तिनं फोटोग्राफी शिकली, कॅन्ससमधल्या एका वर्तमानपत्रात उन्हाळाभर काम केलं, याच्याही बातम्या झाल्या. १९७६ ची निवडणूक वडील हरले. कुटुंब कॅलिफोर्नियातल्या वाळवंटाकाठच्या रँचो मिराज गावी राहायला गेलं. कॅमेरे निघून गेले.

आणि मग घर रिकामं झालं. मुलं पांगली, नवरा भाषणांच्या दौऱ्यांवर. बेटी फोर्ड यांच्या मानेची नस १९६४ मध्ये दबली होती. तेव्हापासून दुखण्याच्या गोळ्या, मन शांत करण्याच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, आणि त्यावर संध्याकाळची दारू. एवढ्या मोठ्या बाईला नाही म्हणणारा डॉक्टर सहसा भेटत नाही. (माझ्यासमोरची मुलगी इथं पुढं सरकून बसली. “मानच का?” तिनं विचारलं. मी म्हटलं, हो, मानच.)

सुझन तेव्हा वीस वर्षांची, आईच्या जवळच राहत होती. काहीतरी बिनसलं आहे हे रोज तिच्याच डोळ्यांना दिसत होतं. डॉ. जोसेफ क्रूझ म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ होते. ते स्वतः दारूतून बाहेर आलेले. तिनं त्यांना सांगितलं आणि मार्च १९७८ मध्ये डॉक्टरांना व घरातल्या दोन विश्वासू बायकांना घेऊन ती आईसमोर गेली. आईनं सगळ्यांना घराबाहेर काढलं.

इथं माझ्या समोरची मुलगी रडायला लागली. मी गोष्ट तिथंच थांबवली आणि चहा मागवला. या कामात मला जे काही कळलं आहे त्यातलं सगळ्यात उपयोगाचं हेच आहे, की पहिला प्रयत्न फसतो. अध्यक्षांच्या मुलीचाही फसतो. त्याचा अर्थ मुलगी चुकली असा नसतो. एकटी होती, एवढाच असतो.

सुझन आणि डॉक्टरांनी मग वडिलांना निरोप धाडला. ते दौरा अर्ध्यावर सोडून परत आले. तिन्ही भाऊ आले, थोरल्याची बायको आली. नौदलाच्या लाँग बीच इथल्या रुग्णालयात व्यसनमुक्तीचा विभाग चालवणारे डॉ. जो पर्श आणि एक परिचारिका, तेही आले. बसायचं कसं, बोलायचं काय, याची आधी तयारी झाली. १ एप्रिल १९७८ च्या सकाळी सगळे एकत्र घरात शिरले.

तिथं कुणी उपदेश केला नाही. प्रत्येकानं एकेक घडलेली गोष्ट सांगितली. एक मुलगा म्हणाला की मित्रांना घरी आणायच्या आधी मी दारातून डोकावून बघायचो, आई कुठल्या अवस्थेत आहे ते. दुसऱ्यानं सांगितलं की मी बाजार करून, स्वतः रांधून ताटं मांडली होती, आणि तू जेवायला उठलीच नाहीस. सून म्हणाली की आम्हाला मुलं झाली तर त्यांना धडधाकट आजी मिळायला हवी आहे. बेटी फोर्ड तरुणपणी मार्था ग्रॅहम यांच्याकडे नृत्य शिकल्या होत्या. सुझन म्हणाली, मला तुझ्या नाचण्याचा केवढा अभिमान होता, आणि आता तू चालता चालता अडखळतेस, पडतेस.

आई रडली, चिडली, आणि कबूल झाली. ८ एप्रिलला तिचा साठावा वाढदिवस झाला. त्यानंतर ती लाँग बीचला दाखल झाली. तिथं तिला चार खाटांची खोली दाखवली, तेव्हा ती अडून बसली. मला वेगळी खोली हवी. डॉ. पर्श म्हणाले, ठीक आहे, मग बाकीच्या बायकांना बाहेर हलवायला सांगतो. त्यावर ती म्हणाली, नको, राहू दे. आधी तिनं जाहीरपणे फक्त गोळ्यांचं कबूल केलं होतं. दारूचं कबूल करायला आणखी काही दिवस लागले.

साडेचार वर्षांनी, ऑक्टोबर १९८२ मध्ये, रँचो मिराजमध्ये बेटी फोर्ड सेंटर उघडलं. त्यात सुरुवातीपासून अर्ध्या जागा बायकांसाठी होत्या, कारण बाईचं व्यसन घरात लपवलं जातं आणि पुरुषांनी भरलेल्या दवाखान्यात ती येत नाही. सुझननं १९८० च्या दशकात स्तनकर्करोगाच्या जागृतीचं काम केलं. २००५ मध्ये आईनंतर सेंटरच्या संचालक मंडळाची अध्यक्ष ती झाली. ९ नोव्हेंबर २०१३ ला वडिलांच्या नावाच्या विमानवाहू जहाजाच्या नामकरणाला बाटली फोडली तीही तिनंच. तिच्या आयुष्याच्या नोंदींत ही जहाजाची बाटली ठळकपणे येते. मला विचाराल तर तिची लोकसेवा १ एप्रिल १९७८ ला सुरू झाली, आणि तिथं टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं.

आपल्याकडेही याच्या जवळची गोष्ट आहे. डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. त्यांच्या पश्चात ते काम त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर सांभाळतात. तिथं बायकांसाठी वेगळा विभाग आहे, ‘निशिगंध’ नावाचा. मुलीनं ते नाव वहीत लिहून घेतलं.

मात्र फोर्ड कुटुंबानं केलं तसंच्या तसं करा, असं मी कुणाला सांगत नाही. सगळ्यांनी मिळून अचानक समोर बसणं, ही पद्धत गाजली खरी, पण बरीच कुटुंबं ऐन वेळी कच खातात. १९९९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशी समोरासमोरची पद्धत शिकवलेल्या कुटुंबांपैकी ३० टक्क्यांच्या आसपास कुटुंबांतला माणूस उपचाराला आला. जिथं घरच्यांना आधी नीट शिकवलं, म्हणजे शुद्धीत असताना जवळीक कशी वाढवायची, भांडण कसं टाळायचं, उपचाराचं नेमकं कधी बोलायचं हे शिकवलं, तिथं ६४ टक्के आले. म्हणून आम्ही दोन्हींतलं घेतलं. आधी सहा आठवडे तयारी, समोर बसणं शेवटी.

या सहा आठवड्यांत मुलीनं भांडण सोडलं. सकाळी आई ताजी असते, तेव्हा तिच्याजवळ बसून ज्वारी निवडायची, जुने फोटो बघायचे. गोळीबद्दल एक शब्द नाही. सायंकाळी आई सुस्त झाली की उठून जायचं. पुण्याच्या दादाला ती दर रविवारी फोन करायची. आत्या आमच्याकडे दोनदा येऊन गेली. अण्णा मात्र येईनात. “मी तिथं आलो तर उद्या तालुक्यात बोंब,” असा निरोप. मग मीच एका लग्नात त्यांना गाठलं. मी त्यांना विचारलं, “साहेब, वहिनींचं मनगट मोडलं तेव्हा दवाखान्यात काय सांगितलं तुम्ही?” ते म्हणाले, “फरशी ओली होती.” थोड्या वेळानं म्हणाले, “फरशी कोरडी होती, ताई.” त्यानंतर ते आले. मागच्या दारानं आले, पण आले.

वेळ अमावस्या, म्हणजे आमची येळवस, झाल्यावरच्या रविवारी बसायचं ठरलं. आमच्याकडे येळवशीला अख्खं गाव शेतात असतं. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, ज्वारी-बाजरीचे उंडे. अध्यक्षांच्या शेतात पन्नास-साठ माणूस जेवायचं आणि भज्जीच्या पातेल्याला आईशिवाय कुणी हात लावायचा नाही. त्या वर्षी आई कोपीत झोपून राहिली. भज्जी आत्यानं केली.

रविवारी सकाळी नऊ वाजता, देवघराशेजारच्या खोलीत बसलो. मी कोपऱ्यात. प्रत्येकाच्या हातात एक कागद, त्यावर एकच प्रसंग.

दादा म्हणाला, “आई, बाळाच्या बारशाला तू त्याला मांडीवर घेतलंस आणि तुझा हात सुटला. हिनं धरलं म्हणून. तेव्हापासून तुझ्याकडं बाळ देताना आम्ही दोघं एकमेकांकडं बघतो. मला तसं बघायचं नाही.”

आत्या म्हणाल्या, “वहिनी, आडव्या बाटलीला तुम्ही माझ्या दारात आला होता. म्हणाला होता, नवऱ्याच्या भल्यासाठी नवऱ्याच्या विरोधात मत टाक. मी टाकलं. आज मी तुमच्या दारात आलेय.”

मुलीच्या कागदावर येळवस होती. “आई, मी आंबीलीचा तांब्या घेऊन कोपीत आले होते. तुला उठवत होते. तू मला ओळखलं नाहीस. ‘कोण गं तू?’ म्हणालीस.” पुढचं तिला वाचता आलं नाही.

अण्णांनी कागद आणला नव्हता. ते म्हणाले, “फरशी कोरडी होती. मी खोटं बोललो. अकरा वर्षं मी तुझ्याबद्दल खोटंच बोलायलोय.”

आई त्या दिवशी कबूल झाली नाही. ती उठली, सगळ्यांना चहा केला, कपबशा थरथरत होत्या, आणि म्हणाली, “बघते.” आम्ही निघालो. मला वाटलं हाही प्रयत्न गेला. मंगळवारी सकाळी तिचाच फोन आला. तिला एवढंच विचारायचं होतं की तिथं सगळ्यांसोबत बसावं लागतं का, की अध्यक्षांच्या घरच्यांसाठी वेगळी सोय असते. मी तिला चार खाटांच्या खोलीची गोष्ट सांगितली. ती पलीकडे बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “येते.”

मानसोपचारतज्ज्ञांनी आधी गोळी बदलून जास्त वेळ टिकणारी दिली, मग दर काही आठवड्यांनी थोडी थोडी कमी केली. नऊ महिने लागले. मानेसाठी व्यायाम आणि शेक. झोप परत यायला सगळ्यात जास्त वेळ लागला. पहिले तीन महिने ती रात्री दोन वाजता अंगणात फेऱ्या मारायची आणि मुलगी पायरीवर बसून राहायची. वैशाखात लग्नसराईच्या गर्दीत ती एकदा घसरली. कुणा पाहुणीच्या पर्समधली पट्टी. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः येऊन सांगितलं. मला त्या घसरण्यापेक्षा ते सांगायला येणं मोठं वाटतं, आणि फाइलमध्ये मी तसंच लिहिलं आहे.

गटात ती आता दर मंगळवारी येते. बाजारच्या दिवशी तालुक्याला येणाऱ्या बायका भाजीच्या पिशव्या घेऊनच बसतात. कुणाचं मिश्रीचं, कुणाचं गोळीचं, कुणाचं नवऱ्याच्या दारूचं. मुलगी त्यांची नावं लिहिते, कुणाला घाटीच्या किंवा अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात जायचं असेल तर सोबत जाते, आणि ज्यांना यायला जमत नाही त्यांना १४४१६ हा सरकारी मानसिक आरोग्याचा मोफत नंबर लावून देते. गावात अजून तिला अध्यक्षांची पोरगीच म्हणतात. कुणी दार उघडत नसेल तिथं ती हे नाव मुद्दाम सांगते.

मेडिकलमध्येही तीच गेली होती. दुकानदाराला म्हणाली, “काका, यापुढं आमच्या घरी चिठ्ठीशिवाय काहीच द्यायचं नाही. कुणीही मागितलं तरी.”

गेल्या महिन्यात अण्णांना प्रवासात झोप लागेना, म्हणून ते स्वतः दुकानात गेले आणि एक पट्टी मागितली. काउंटरवर तोच पोरगा होता, सायकलवरून पुडा आणणारा. त्यानं खाली मान घालून विचारलं, “अध्यक्षसाहेब, चिठ्ठी?”

अण्णा थोडा वेळ उभे राहिले आणि रिकाम्या हातानं घरी आले. हे त्यांनी स्वतः मला सांगितलं, या वेळी पुढच्या दारानं येऊन.